परसातील खोलीला दिवा

प्रश्न : परसातल्या अवजारांच्या पत्र्याच्या खोलीत दिवा हवा आहे. कूलरची जुनी वायर भिंतीवरून नेली तर चालेल काय? – एक वाचक, नागपूर

उत्तर : मुळीच नाही. उन्हाने ठिसूळ झालेल्या वायरीतील 230 व्होल्टचा प्रवाह पावसाळ्यात पत्र्यात उतरला, तर ती सबंध खोलीच प्राणघातक ठरेल. यास्तव मुख्य फलकापासून स्वतंत्र एमसीबी व 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांच्यामार्फत निघालेली आर्मर्ड केबल, कुदळीचा घाव पोहोचू नये अशा बेताने, सुमारे 75 सेंटिमीटर खोल पुरावी आणि पत्राही अर्थिंगला जोडावा. आपली काळी माती वैशाखात भेगाळली की अर्थिंग दुबळे होते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची तजवीज ठेवावी. काम शेजारच्या हुन्नरी पोराकडून नव्हे, परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून करवून चाचणीचा दाखला मागून घ्यावा.