घरचा केर, मुलांची वही आणि शेताचें खत

वरील मथळा पाहून आमच्या सभासद बंधुभगिनींपैकीं पुष्कळांस असें वाटण्याचा संभव आहे कीं, हा विषय शहरांतील लोकांचा असून शेतकऱ्यांच्या मासिकांत त्यास जागा देण्याचें प्रयोजन नाहीं. खेड्यांत केर म्हणजे उकिरडा आणि उकिरडा म्हणजे खत. त्याकरितां मुलांस निराळें शिक्षण तें कसलें द्यावयाचें? पन्नास वर्षांपूर्वीं ही शंका रास्त ठरली असती. आज ती तशी राहिलेली नाहीं, हें कोणत्याही गांवच्या उकिरड्यापाशीं पांच मिनिटें उभें राहिल्यास कळून येईल. शेण, राख, पाचट व काडीकचरा यांच्याबरोबर दुधाच्या पिशव्या, तंबाखूच्या व शांपूच्या पुड्या, ठिबकच्या तुटक्या नळ्या, आच्छादनाच्या कागदाच्या चिंध्या, आणि सर्वांत वाईट म्हणजे फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या तेथें पडलेल्या असतात. हाच उकिरडा वैशाखांत उपसून शेतांत जातो. त्याआधीं गुरें त्यांत तोंड घालतात तीं वेगळींच. पोटांत प्लास्टिकचा गोळा सांठून चरणें सोडलेल्या गाईवर शस्त्रक्रिया करावी लागल्याचें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस अधिक सांगावयास नको.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला असून नाहूर येथें राहतो. नाहूर हें मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यांतील गांव. पूर्वेस मिठागरें, त्यांपलीकडे ठाण्याची खाडी; आणि खाडीच्या कांठानें एका अंगास मुलुंडची कचराभूमि, तर दुसऱ्या अंगास कांजूरची. मुलुंडच्या जागेवर सन १९६७ च्या सुमारास केर पडूं लागला. क्षेत्र सुमारें २४ हेक्टर, म्हणजे ६० एकरांच्या आंतबाहेर. ऑक्टोबर २०१८ मध्यें तेथें नवा केर टाकणें बंद झालें, तेव्हां सुमारें ७० लक्ष टन केर सांठला होता, आणि तो उपसून, चाळून जमीन मोकळी करण्याचें काम ७०० कोटी रुपयांहून अधिक रकमेचें ठरलें. ज्यानें आयुष्यभर एकर-गुंठ्यांवर आण्या-रुपयांची आकारणी लिहिली, त्यास ६० एकर जमीन पुन्हां जमीन व्हावी म्हणून लागणारा हा खर्च पाहून कांहीं सुचेनासें होतें. कांजूरला सन २०११ पासून केर जाऊं लागला. देवनारची कचराभूमि तर १९२७ पासूनची. तेथें जानेवारी २०१६ मध्यें आग लागली, तेव्हां धुरानें आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

केर पेटतो कां, हें प्रत्येक शेतकऱ्यास समजण्यासारखें आहे. ओला व सुका केर एकत्र दडपला म्हणजे त्यांत हवा शिरत नाहीं. तो हवेवांचून कुजतो, त्यांतून मिथेन नांवाचा ज्वालाग्राही वायु निघतो आणि खालून काळें पाणी झिरपतें. हाच ओला केर निराळा राखून हवेशीर कुजविला तर त्याचें खत होतें. घरांत एक बादली अधिक ठेवण्याइतकाच काय तो फरक.

मुंबईचा केर मुंबईस लखलाभ असो, असें म्हणून आपणांस सुटतां येत नाहीं. शहरच्या केराचें खत करून तें शेतकऱ्यास विकावें ही योजना जुनी आहे व आजही चालू आहे. भोपाळ येथील भारतीय मृदाविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं देशांतील २९ शहरांच्या अशा खतांची तपासणी करून तिचे निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध केले. जेथें ओला केर मुळाशींच वेगळा काढला जात होता, तेथील खतांत सेंद्रिय अंश अधिक आणि शिसें, कॅडमियम यांसारख्या विषारी धातूंचें प्रमाण पुष्कळ कमी आढळलें. हे धातू जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, मोडकीं विजेचीं यंत्रें यांतून येतात, आणि एकदां मातींत उतरले कीं नांगरून निघत नाहींत. कांचेचा तुकडा निदान पायास लागून कळतो. शिसें कळत नाहीं. म्हणून वर्गवारी व्हावयाची ती केर एकत्र होण्यापूर्वीं, म्हणजे घरांतच झाली पाहिजे.

खत करण्याची विद्या आपल्याकडे नवी नव्हे. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें बसविलेल्या पद्धतीवरील १९३१ च्या ग्रंथावर त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचेंही नांव आहे. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनीं १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असें भोंकें ठेवलेलें विटांचें टाकें बांधून, थोड्या शेणांत पुष्कळ खत करण्याची रीत दिली. तिला नाडेप म्हणतात. हें सारें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. ठाऊक असून घरोघर होत नाहीं, आणि मुलांचा संबंध येतो तो येथेंच.

मोठ्या माणसाचा हात सवयीनें चालतो. चहाचा चोथा व दुधाची पिशवी एकाच डब्यांत टाकण्याची ज्यास चाळीस वर्षें संवय आहे, तो आठ दिवस नियम पाळून नवव्या दिवशीं विसरतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाचें तसें नसतें. शिंपले, सागरगोटे, काडेपेट्यांचे छाप निवडून निराळे ठेवण्याची त्यास मूळचीच हौस असते. तीच हौस केराकडे वळवावयाची आहे. मात्र ती उपदेशानें वळत नाहीं. पर्यावरणदिनीं फलक धरून फेरी काढावी आणि परततांना वाटलेल्या खाऊच्या पुड्या रस्त्यांतच टाकाव्या, हा देखावा मीं एकाहून अधिक वेळां पाहिला आहे. दुसरी चूक म्हणजे केर काढण्याचें काम शिक्षा म्हणून सांगणें. अभ्यास केला नाहींस, आतां जा, कचरा उचल, असें ज्या घरांत बोललें जातें तेथें मुलास केराची लाज वाटूं लागते, आणि ती जन्मभर जात नाहीं. तिसरी, हें काम मुलीवर ढकलून मुलास खेळावयास सोडणें. दोघांसही सारखा वाटा द्यावा. आणि स्वयंपाकघर ज्यांच्या हातीं आहे त्यांची संमति सर्वांआधीं घ्यावी. तीवांचून केलेली व्यवस्था दुसऱ्या दिवशींच मोडते.

आमच्या आवारांतील मुलांवर मीं जो प्रयोग केला, त्यांतील सर्वांत फलदायी भाग पुरणीचा. आषाढाच्या आरंभीं कुंपणाच्या कडेस वीतभर खोल असे सहा खड्डे मुलांकडूनच खणविले. एकांत केळ्याची साल, दुसऱ्यांत वर्तमानपत्राची घडी, तिसऱ्यांत जुन्या सुती धोतराचा तुकडा, चौथ्यांत नारळाची शेंडी, पांचव्यांत दुकानाची पातळ पिशवी आणि सहाव्यांत वेफर्सची चकचकीत पुडी पुरली. प्रत्येकावर नांवाची काठी रोविली, आणि कोणती वस्तु किती दिवसांत नाहींशी होईल याचा अंदाज मुलांनीं आपापल्या नांवापुढें लिहून ठेवला. दसऱ्याच्या सुटींत खड्डे उकरले. केळ्याची साल शोधूनही सांपडली नाहीं, तेथें काळी माती व दोन गांडुळें होतीं. कागद बोट लावतांच विरघळला. धोतराच्या तुकड्याची जाळी झाली होती. शेंडी ओली होऊन काळवंडली होती, परंतु धागे शाबूत. पिशवी धुतल्यावर जशीच्या तशी. आणि पुडीवरील अक्षरें तर दुरूनही वाचतां येत होतीं. एका मुलानें पिशवीपुढें 'एक महिना' असा अंदाज लिहिला होता. तो खोडून काय लिहावें हें त्यानें मला विचारलें, तेव्हां तो कोरा ठेव, असें मीं सांगितलें. पुडी व पिशवी पुन्हां पुरून ठेवल्या आहेत. त्या दर दसऱ्यास उकरावयाच्या असें मुलांनींच ठरविलें. शेतकऱ्याच्या घरीं तर हा प्रयोग बांधाच्या कडेस करतां येईल, आणि त्यांत आच्छादनाच्या कागदाचा एक तुकडा अवश्य घालावा.

यानंतर भांड्यांची व्यवस्था. दोन बादल्या मुलांच्या: एक ओल्या केराची, एक सुक्याची. तिसरा डबा झांकणाचा, उंचावर ठेवलेला, आणि तो फक्त मोठ्यांचा. सुई, पातें, फुटकी कांच, मुदत संपलेलीं औषधें, बॅटरीचे सेल, दिव्यांच्या नळ्या हें सर्व त्या तिसऱ्यांत जावें, आणि त्यास मुलांचा हात लागूं नये. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या तर घरांतच आणूं नयेत. रिकामी होतांच बाटली तीन वेळां विसळून तें पाणी पंपांतच ओतावें, पुन्हां वापरतां येऊं नये म्हणून तीस भोंक पाडावें, आणि ती विहिरीपासून दूर कुलुपांत ठेवून दुकानदार किंवा कंपनीच्या संकलनाकडे द्यावी. अशा डब्यांत पाणी किंवा धान्य भरणारीं घरें अजून आहेत, हें लिहितांना हात थरथरतो. मुलास काटकसर शिकवितांना हा अपवाद पहिल्या दिवशींच शिकविला पाहिजे. कारण सगळें जपून ठेवावें असें शिकलेलें गुणी मूलच चांगली दिसणारी बाटली धुवून घरीं आणील.

वहीविषयीं मी थोडें आग्रहानें लिहितों. धंद्याचा अभिमान म्हणून वाचकांनीं क्षमा करावी. सात-बाऱ्यावर जें चढलें तें मालकीचें, हें जसें मोठ्यांस समजतें, तसें वहींत जें चढलें तें आपलें, हें मुलांस समजतें. दर रविवारीं तान्या कांट्यानें सुका केर तोलून कागद, पुठ्ठा, पत्रा, प्लास्टिक अशीं सदरें भरावीं. प्लास्टिकच्या बुडाशीं त्रिकोणांत आंकडा असतो: १ हें पाण्याच्या बाटलीचें, २ हें जाड कॅनचें, ५ हें डब्यांचें. आमचा भंगारवाला आंकडा न पाहतां वस्तु टिचकी मारून ओळखतो. मुलें त्याच्यापुढें आंकडा वाचून परीक्षा देतात, आणि भाव पाडून घेतला जात असल्यास ताबडतोब ओळखतात. अल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हां करण्यास नव्या धातूच्या मानानें सुमारें शेंकडा ९५ इतकी शक्ति वांचते, हें सांगितल्यापासून तो एकही केरांत जात नाहीं. वेफर्सची पुडी मात्र कोणी विकत घेत नाहीं. अनेक थर एकत्र चिकटविलेले असल्यानें ते सुटे करणें परवडत नाहीं. वहींतील तें सदर नेहमीं रिकामें राहूं लागलें, तेव्हां दोन घरांत पुड्या आणणेंच कमी झालें.

विक्रीच्या रकमेंतून मुलांस वाटा द्यावा कीं नाहीं, यावर मतभेद आहे. पैशानें मुलें बिघडतात असें कांहीं वडील मंडळी म्हणतात. माझें मत निराळें आहे. शेतकऱ्याचें पोर बैल चारतें, राखणीस बसतें. त्याच्या श्रमास मोल आहे हें त्यास समजलें तर बिघडण्यासारखें कांहीं नाहीं. अर्धी रक्कम मुलांची, अर्धी बियाण्याची, अशी आमची वाटणी आहे. शिवाय हेंही सांगितलें पाहिजे कीं, पहिल्या दोन महिन्यांनंतर व परीक्षेच्या दिवसांत उत्साह ओसरतो. तेव्हां रागावूं नये. बादल्या मोठ्यांनीं सांभाळाव्या व वही कोरी सोडावी.

ओल्या केराकरितां भोंकें पाडलेलें पिंप किंवा मडकें पुरतें. शेतावर अर्थातच टाकें. एक वाटा ओला केर व दोन वाटे सुका पाला, माप आकारमानानें घ्यावें. वर मूठभर जुनें खत. मुठींत दाबल्यास बोटांस ओल लागावी, पाणी गळूं नये. आंबूस वास आला म्हणजे ओल अधिक झाली. पाला घालून वरखालीं करावें. लोखंडी सळई आंत खुपसून थोड्या वेळानें काढली तर ती कोमट लागते, आणि त्यावांचून मुलांस आंत कांहीं चाललें आहे हें पटत नाहीं. पावसाळ्यांत वर झांकण हवें. मासळीचे कांटे पिंपांत घालूं नयेत. मांजरें व उंदीर येतात, ते शेतांत खोल पुरावे. अडीच-तीन महिन्यांत खत तयार होतें. आमच्याकडे त्यावर प्रथम अळू व मिरची लाविली, कारण दोहोंस फळ लवकर दिसतें आणि मुलांस धीर कमी असतो.

सुका केर पुढें ज्यांच्या हातांत जातो, त्यांची ओळखही मुलांस करून द्यावी. पुण्यांत कागद, कांच, पत्रा वेंचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ सालीं स्थापन झाली, आणि तिच्यांतूनच २००८ मध्यें 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया आहेत. ओल्या केरांत लपलेली कांच प्रथम त्यांचा हात कापते. घरांतील आजाऱ्याचें व बाळाचें घाणेरडें कापड कागदांत गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, म्हणजे न उघडतां ओळखतां येईल, ही रीत त्यांनींच घालून दिली. तो ठिपका काढण्याचें काम मुलें फार आवडीनें करतात. गुंडाळण्याचें मात्र मोठ्यांनींच करावें.

आमच्या आवारांतील मुलांची आतां तिसरी वही चालू आहे. तींत नव्यानें एक सदर आलें आहे, तें एका आठ वर्षांच्या मुलीनें घातलें. त्याचें शीर्षक 'बोहारीण', आणि त्याखालीं नोंद: जुन्या साड्या ३, सदरे २, मोबदला स्टीलचा एक डबा. डब्याचें वजन लिहावयाचें राहिलें आहे, म्हणून रविवारीं तान्या कांटा तिच्या घरीं न्यावयाचा आहे.