कबुली आणि रक्ताची साक्ष

आरोपीनें गुन्हा कबूल केला म्हणजे शंका उरली नाहीं, असें आपण सहज समजतों. इंग्लंडांतील लेस्टरशायर परगण्यांत मात्र याच्या उलट घडलें.

तेथील नारबरो गांवीं १९८३ सालीं पंधरा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. खुनी सांपडला नाहीं. १९८६ सालीं शेजारच्या एंडरबी गांवीं तिच्याच वयाची दुसरी मुलगी तशीच मारली गेली. या वेळीं सतरा वर्षांच्या एका तरुणानें दुसरा खून कबूल केला, पण पहिला नाकारला. दोन्ही त्याचेच असावेत, अशा समजुतीनें पोलिसांनीं लेस्टर विद्यापीठांतील अ‍ॅलेक जेफ्रीज यांचें साह्य मागितलें.

एकसारखीं जुळीं भावंडें सोडल्यास प्रत्येक माणसाच्या पेशींतील डीएनएची ठेवण निराळी असते. तीवरून माणूस ओळखण्याची रीत जेफ्रीज यांनीं १९८४ सालीं शोधली होती. पहिल्या खुनाच्या वेळचे जपून ठेवलेले डाग त्यांनीं दुसऱ्या खुनांतील डागांशीं व त्या तरुणाच्या रक्ताशीं ताडून पाहिले. दोन्ही कृत्यें एकाच पुरुषाचीं ठरलीं. पण तो पुरुष हा तरुण नव्हता! दोष शाबीत करण्यास बोलाविलेल्या शास्त्रानें प्रथम एका निरपराध्यास सोडविलें.

पुढें १९८७ सालीं आसपासच्या पांच हजारांवर पुरुषांचे नमुने तपासले. एकहि जुळेना. खऱ्या अपराध्यानें आपल्या नांवावर एका सोबत्याचें रक्त देवविलें होतें. हें कपट प्रयोगशाळेस उमगलें नाहीं. सोबती मद्यगृहांत तें बोलून गेला, आणि ऐकणाऱ्या एका बाईनें, कांहीं आठवड्यांनीं कां होईना, पोलिसांस कळविलें. आम्हांस या बाईचें मोल जेफ्रीज यांच्याहून फारसें कमी वाटत नाहीं. जानेवारी १९८८ मध्यें अपराध्यास जन्मठेप झाली.