स्पॅमची चाळणी वेगवान कशी होते? : संभाव्यता आणि लॉगचा रोजच्या वापरातला धडा



दहावीच्या गणित भाग १ मध्ये ‘संभाव्यता’ हे प्रकरण आहे. नाणी, फासे, पत्त्यांचा कॅट यांची उदाहरणं सोडवून झाली की वर्गातून प्रश्न येतोच, “याचा पुढे उपयोग काय?” त्याचं एक उत्तर आपल्या ईमेलमध्ये आहे. नको असलेली पत्रं, म्हणजे स्पॅम, आपोआप बाजूला काढणारा फिल्टर संभाव्यतेवर चालतो. तो कसा चालतो आणि त्याचा वेग वाढवताना काय सांभाळावं लागतं, ते आज बघू.

फिल्टर शिकतो कसा?

सुरुवातीला फिल्टर ठरावीक नियमांवर चालत. ‘लॉटरी’ शब्द दिसला की पत्र बाद! मग स्पॅम पाठवणारे ‘लॉ-ट-री’ असं लिहू लागले आणि नियम फसले. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने ‘अ प्लॅन फॉर स्पॅम’ हा लेख लिहिला. संख्याशास्त्राने स्पॅम ओळखायची कल्पना संशोधकांनी त्याआधीही मांडली होती, पण या लेखानंतर ती सगळीकडे पोचली. थंडरबर्डसारख्या ईमेल प्रोग्रॅममध्येही असा शिकणारा फिल्टर आहे. त्याच्या मुळाशी थॉमस बेझ यांचा सिद्धांत आहे. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला.

आता उदाहरण घेऊ. समजा, आपण फिल्टरला २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रं दाखवली. कोणता शब्द किती पत्रांत आला, हे त्याने मोजलं :

- ‘अभिनंदन’ : स्पॅम ४०, चांगली १०. गुणोत्तर ४.
- ‘बक्षीस’ : स्पॅम ५४, चांगली ६. गुणोत्तर ९.
- ‘परीक्षा’ : स्पॅम २, चांगली ३८. गुणोत्तर १/१९.

गुणोत्तर १ पेक्षा जास्त असेल तर शब्दाचा कल स्पॅमकडे, कमी असेल तर चांगल्या पत्राकडे. नवीन पत्र आलं की त्यातल्या शब्दांच्या गुणोत्तरांचा गुणाकार करायचा. उत्तर ९ पेक्षा जास्त आलं, म्हणजेच संभाव्यता ०.९ च्या वर गेली, की पत्र स्पॅममध्ये टाकायचं. बस, इतकंच!

वेग कुठे अडतो?

एका पत्रात ३०० वेगवेगळे शब्द आहेत आणि फिल्टरच्या यादीत १ लाख शब्द आहेत असं धरा. प्रत्येक शब्द यादीत पहिल्यापासून शोधत गेलो, तर सरासरी ५० हजार तुलना होतील. ३०० शब्दांच्या झाल्या दीड कोटी! आणि हे फक्त एका पत्रासाठी. सकाळी ईमेल उघडल्यावर शंभर पत्रं एकदम उतरली, तर संगणक अडखळणारच.

वेग वाढवण्याच्या चार युक्त्या

१. शोधायची पद्धत बदला. यादी अकारविल्हे लावली, तर शब्दकोश उघडतो तसं मधलं पान उघडायचं आणि प्रत्येक वेळी अर्धा भाग सोडून द्यायचा. १ लाख शब्दांत जास्तीत जास्त १७ तुलना पुरतात, कारण २ चा १७ वा घात १,३१,०७२ आहे. याहूनही वेगवान पद्धत म्हणजे हॅश टेबल. पोस्टात पिनकोड बघून पत्र थेट त्या कप्प्यात टाकतात ना, तसंच हे. शब्दावरूनच त्याच्या कप्प्याचा क्रमांक काढला जातो, मग बाकीची यादी चाळावीच लागत नाही. शिवाय ही यादी एकदाच मेमरीत घ्यायची, प्रत्येक पत्राला फाईल नव्याने उघडायची नाही.

२. गुणाकाराची बेरीज करा. लॉग टेबलचं पुस्तक आठवतंय? इथे तेच कामाला येतं. ४ चा लॉग ०.६०२, ९ चा ०.९५४ आणि १/१९ चा उणे १.२७९. हे लॉग आधीच काढून ठेवले की पत्र आल्यावर फक्त बेरीज उरते. दुसरा फायदा जास्त मोठा आहे. शेकडो छोटे अपूर्णांक गुणत गेलं की उत्तर इतकं लहान होतं की संगणक त्याला शून्यच धरतो. बेरजेत ही अडचण येत नाही.

३. निरुपयोगी मजकूर वाचू नका. पत्राला जोडलेला फोटो अक्षरांच्या लांबलचक माळेत रूपांतर होऊन येतो. त्या माळेत शब्द शोधणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं.

४. यादी आटोक्यात ठेवा. थंडरबर्डमध्ये शब्दांची संख्या ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की सगळे आकडे निम्मे केले जातात. एखाद्याच वेळी दिसलेले शब्द शून्यावर येऊन गळतात. नेहमीचे शब्द टिकतात आणि त्यांची गुणोत्तरंही जवळपास तीच राहतात.

जी घाई करायची नाही

आता महत्त्वाचा मुद्दा. कुणी म्हणेल, “पत्र पूर्ण वाचायचंच कशाला? पुरेसा संशय आला की थांबा. वेग आणखी वाढेल!” हे करून बघू. शाळेकडून पत्र आलं : “अभिनंदन! आपल्या पाल्याला बक्षीस मिळाले आहे. परीक्षा प्रमाणपत्रासाठी शुक्रवारपर्यंत या.”

पहिले दोन शब्द बघून थांबलो, तर ४ × ९ = ३६. हे ९ पेक्षा कितीतरी जास्त, संभाव्यता साधारण ०.९७. पत्र स्पॅममध्ये गेलं! पण ‘परीक्षा’पर्यंत वाचलं, तर ३६ ÷ १९ म्हणजे साधारण १.९. संभाव्यता ०.६५, पत्र इनबॉक्समध्येच राहिलं. एका शब्दाने निकाल फिरला.

ग्रॅहम यांची युक्ती इथेच वेगळी ठरते. निर्णयासाठी त्यांनीही फक्त १५ शब्द घेतले, पण ते पत्रातले पहिले १५ नव्हेत. सगळे शब्द बघून, ज्यांचा कल सर्वांत ठळक आहे असे १५. ‘आणि’, ‘आहे’ यांसारखे शब्द दोन्हीकडे सारखेच येतात, ते आपोआप सुटतात. आपल्या पत्रात तर सर्वांत ठळक शब्द ‘परीक्षा’च आहे, त्यामुळे तो पहिला निवडला जाईल. म्हणजे वाचायचं सगळं, मोजायचं मोजकं. काम कमी होतं, पण पुरावा सुटत नाही.

स्पॅमचं एखादं पत्र इनबॉक्समध्ये आलं तर ते पुसायला दोन सेकंद लागतात. पण शिष्यवृत्तीचं किंवा प्रवेशाचं पत्र स्पॅममध्ये पडून राहिलं आणि मुदत टळली, तर मुलाचं वर्ष अडू शकतं. वेगाचा विचार करताना या दोन चुका एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

पालकांसाठी

आठवड्यातून एकदा तरी स्पॅमचा फोल्डर उघडून बघा. चांगलं पत्र सापडलं तर ‘स्पॅम नाही’ अशी खूण नक्की करा. फिल्टरला दोन्ही बाजूंची उदाहरणं लागतात. शाळेचा पत्ता संपर्क यादीत ठेवला की ते पत्र अडकण्याची शक्यता कमी होते. मात्र पाठवणाऱ्याचा पत्ता खोटाही लिहिता येतो, त्यामुळे ओळखीचं नाव दिसलं तरी पैसे किंवा ओटीपी मागणाऱ्या पत्रावर विश्वास ठेवू नका.

वर्गात करून बघा

मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला १० खोट्या आणि १० खऱ्या संदेशांच्या चिठ्ठ्या द्या. शब्द मोजून गुणोत्तरं काढू द्या. दोन्ही ढिगांत आलेलेच शब्द निवडायला सांगा, नाहीतर शून्याने भागायची वेळ येते. मग एक नवा संदेश देऊन निर्णय घ्यायला सांगा. शेवटी हा प्रश्न विचारा : “तुमचा फिल्टर चुकणारच असेल, तर कोणती चूक परवडेल?” उत्तर आकड्यांतून येणार नाही. त्यासाठी मुलांना त्या पत्राची वाट बघणाऱ्या माणसाचा विचार करावा लागेल.