मधमाश्यांची शिदोरी कोणत्या ऋतूसाठी?

मधमाश्या हिवाळ्यासाठी मध साठवतात, असे आपण पुस्तकांत वाचतो. जालना जिल्ह्यात हे कितपत लागू पडते?

प्रथम थंड प्रदेश पाहू. युरोपात हिवाळ्यात कित्येक आठवडे फुले नसतात. माश्या पोळ्यावर दाट पुंजका करून बसतात आणि उडण्याचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. या कामाचे इंधन म्हणजे मध. एका वसाहतीने १५० दिवसांत १५ किलो मध खाल्ला असे धरू. रोजचा खर्च १०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ३०० किलोकॅलरी. हिचे ज्यूल करून दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागा. उत्तर सुमारे १५ वॅट येते. जणू एक लहान दिवा अहोरात्र जळतो आहे!

आपल्याकडे मात्र हिवाळ्यात तूर व करडई फुलतात, पाठोपाठ मोसंबीचा आंबे बहार येतो. हा तर माश्यांच्या सुगीचा काळ. कडुनिंब, करंज यांचा फुलोरा ओसरला की टंचाई सुरू होते. पुढे पावसाची झड लागली, तर माश्यांना बाहेर पडता येत नाही. तेव्हा आपल्या माश्यांची शिदोरी मुख्यतः उन्हाळा-पावसाळ्यासाठी असते.

उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला, तरी अळ्यांजवळचे तापमान सुमारे ३५ अंश राखावे लागते. माश्या पाणी आणून पोळ्यात पसरतात व पंखांनी वारा घालतात. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. आपला माठ याच तत्त्वावर गार राहतो. पण पाणी आणण्यास आणि पंख हलवण्यासही मधच खर्ची पडतो.

साठा संपला की राणी अंडी कमी घालते, वसाहत दुबळी होते, मेणकिडा शिरतो. सातेरी माश्या तर पेटी सोडून निघून जातात. मग पुढच्या तुरीच्या फुलांवर परागीभवन कोणी करावे? म्हणून बहार संपताना सगळा मध काढू नये. टंचाईत साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीत ठेवावा; तो बाहेर सांडू देऊ नये, नाहीतर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटीला येतात. जवळ पाण्याचे उथळ भांडे असावे व त्यात बसण्यापुरते खडे टाकावेत.

करून पाहा : जाणकार मधपाळाच्या मदतीने एका मधपेटीचे वजन दर आठवड्यास रात्री घ्या व आलेख काढा. शेजारी त्या आठवड्यात फुललेली झाडे व पिके नोंदवा. रेषा कोणत्या महिन्यात खाली उतरते? तुमच्या गावच्या माश्यांचा ‘हिवाळा’ तोच!