चुलीपुढचे व्याकरण

गेल्या वर्षी माझ्या निबंधातील ‘मिठ’, ‘पिठ’, ‘चुल’ या शब्दांखाली सरांनी तांबड्या रेघा ओढल्या. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. ऱ्हस्व-दीर्घ विचारायचे कोणाला?

दिवाळीच्या सुट्टीत आईला अक्षरे शिकवायला बसलो. पहिली वेलांटी आखूड, दुसरी लांब, हे तिला समजले होते. पाटीवर मी ‘मिठ’ लिहिले. तिने बोट ठेवून तसेच आखूड वाचले आणि हसली. “असं कोण म्हणतंय रं? मीऽठ म्हणत्यात.”

“आणि मिठाचा डबा?”

“मिठाचा.”

येथे स्वर आपोआप आखूड झाला! चूल–चुलीत, पीठ–पिठाचे, तूप–तुपात. ती बरोबर बोलत गेली, मी लिहीत गेलो. नियम तोच: अकारान्त मराठी शब्दात शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार दीर्घ, सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. ‘विष’, ‘गुण’ यांसारखे तत्सम शब्द मात्र ऱ्हस्वच लिहावयाचे. तेथे कान फसतो, पाठांतरच हवे.

आई आता अंगठ्याऐवजी सही करते. वेलांटी अडली, की मी तिलाच शब्द म्हणायला लावतो.