आधी कागद, मग पाना

जुनं वाहन नीट करून घ्यायला म्हैसूरसारखं गाव नाही, असं इथले लोक सांगतात आणि त्यात फारशी बढाई नाही. १९६१ साली यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला. इराणी कुटुंबाने चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या परवान्यावर इथे मोटारसायकली बांधल्या. १९७३ पासून त्या ‘येझ्दी’ नावाने विकल्या जाऊ लागल्या आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. टाळं फाटकाला लागलं; बोअर मारणारे, क्रँक जुळवणारे, नुसत्या आवाजावरून कार्ब्युरेटरचा दोष ओळखणारे हात गावातच राहिले. त्यात २०२३ मध्ये श्रीरंगपट्टणजवळ धर्मस्थळच्या डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या जुन्या मोटारींचं ‘पयण’ हे संग्रहालय उघडलं. रविवारी तिथलं लखलखतं क्रोम पाहून आलेला माणूस सोमवारी जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळायला लागतो.

प्रस्तुत लेखकाचा मेव्हणा त्यातलाच. घरात मराठी, गॅरेजात कन्नड, आणि डोक्यात पिकअप. “दाजी, दोन लाखांत रस्त्यावर आणतो,” असं म्हणून त्याने लेखकाला भागीदार करून घेतलं. लेखकाला पान्यातलं काही कळत नसल्याने त्याच्याकडे खर्चाची वही आली. ती वही आज पाहिली तर तिच्यात इतरांच्या उपयोगाचं बरंच सापडतं.

गाडी होती महिंद्राची एफसी-१५०. नाक नसलेली, चपट्या तोंडाची जीप-पिकअप. चालक जवळजवळ पुढच्या ॲक्सलवर बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मधे लोखंडी झाकणाखाली धडधडत असतं. अमेरिकेत विलीजने ही १९५६ मध्ये बाजारात आणली. रूप ब्रूक्स स्टीव्हन्स या नामांकित डिझायनरचं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अवघं ८१ इंच, म्हणून गल्लीबोळात वळते झकास. तिकडे तिचं उत्पादन साठीच्या दशकाच्या मध्यावर थांबलं, इथे मात्र महिंद्राने ती पुढे चालवली.

खिशाच्या दृष्टीने या गाडीतली खरी गोम वेगळीच आहे. इंजिन, गीअरपेटी, ॲक्सल हे सगळं जीपच्या घराण्यातलं, त्यामुळे त्याचे सुटे भाग बंगळूरच्या जे. सी. रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत शोधले तर हाती लागतात. केबिन मात्र कुणाशीच जुळत नाही. दाराचा पत्रा, पुढची काच, काचेभोवतीचं रबर, दाराची मूठ हे दुसऱ्या कुठल्या गाडीवरून उचलून लावता येत नाही. म्हणून बंद इंजिनची पण शाबूत केबिनची गाडी परवडते. सुरू इंजिनची पण सडक्या केबिनची गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते. बघायला गेलेली मंडळी आधी स्टार्टर मारतात आणि इंजिन एका दमात लागलं की खूश होतात. विकणाऱ्यालाही तेच हवं असतं.

ही पिकअप मंगळूरकडून आलेली. किनाऱ्यावरची खारी हवा आणि तिथला पाऊस पत्र्याचं काय करतात ते म्हैसूरच्या कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला चटकन उमगत नाही. बाहेरून निळा रंग नवाकोरा. टिंकरने (दक्षिणेत डेंटिंगवाल्याला टिंकरच म्हणतात) दाराखालच्या पट्टीवर पेचकस टेकवून हलकेच दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. मग त्याने छिन्नीने पापुद्रा काढला. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली राखाडी, त्याखाली बोटभर जाडीची पुट्टी आणि पुट्टीमागे भोक बुजवायला कोंबलेलं गोणपाट. ते गोणपाट ओलं होतं. “सार, ही गाडी नाही, पोतं आहे,” एवढंच म्हणून तो चहाला निघून गेला.

खिशात एक साधं चुंबक असतं तर हे खरेदीआधीच कळलं असतं. पत्र्यावर ते पटकन चिकटतं, जाड पुट्टीवरून घसरून पडतं. दाराखालच्या पट्ट्या, केबिनची जमीन, बॅटरीचं तबक, पाट्यांचे हँगर आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या एवढ्या जागी ते फिरवलं तरी गाडीची निम्मी कुंडली कळते. उरलेली निम्मी गाडीखाली आडवं पडून चॅसिसवर हातोडीने टकटक करत ऐकायची. दोन लाखांपैकी जवळजवळ निम्मी रक्कम पत्र्यानेच खाल्ली, तेव्हा इंजिनला अजून हातही लागला नव्हता.

आणि इंजिनच सगळ्यांत मोठी भानगड निघाली.

एफसी-१५०चं मूळ इंजिन विलीजचं पेट्रोल हरिकेन, २.२ लिटरचं. आत घेणारी व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि बाहेर सोडणारी ब्लॉकमध्ये, अशी त्याची जुन्या पद्धतीची ठेवण. पेट्रोल महागलं तशी अशा कितीतरी गाड्यांमधून ती इंजिनं निघाली आणि त्यांच्या जागी डिझेल बसलं. महिंद्राच्या जीपमध्ये पुढे प्यूजोचं २,११२ सीसीचं एक्सडीपी ४.९० आलं, तेव्हा गावोगावच्या फिटरांना तेच हाताशी होतं. या पिकअपमध्येही झाकण उचललं तर प्यूजोचं डिझेल होतं. आरसी बुकात मात्र इंधन पेट्रोल आणि इंजिन नंबर भलताच. “आरटीओत होऊन जातं,” असं मधल्या दलालाने सांगितलं होतं. ते होऊन जात नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सीएनजी किंवा बॅटरीसारखं इंधन बदलायचं तर नियमात बसणारा संच आणि मंजुरी लागते. केरळातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठाम केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. साधा रंग बदलला तरी आरसीत नोंद करून घ्यावी लागते. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी आरसीतलं इंधन आणि इंजिन नंबर ताडून पाहतो, हे वेगळंच.

इथेच हौशी माणसाची फसगत होते. ‘जुनी गाडी मूळ रूपात आणणं’ आणि ‘तिला आपल्या मनासारखं नटवणं’ ही दोन कामं तो एकाच दमात बोलतो, पण ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, वैयक्तिक वापराची गाडी त्यात बसते; नमुना २० वर अर्ज, २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते. मात्र गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला चालत नाही. रस्त्यावर काढायची तीही प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच. रोज भाजी आणायला नाही. पिकअपची नोंद तर बहुधा मालवाहू वर्गात असते, तेव्हा तो वर्गाचा प्रश्न खरेदीआधीच आरटीओच्या खिडकीवर सोडवलेला बरा. साधं नूतनीकरण करू म्हटलं, तर २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीला त्याचेच १०,००० रुपये लागतात.

मेव्हण्याची यादी मात्र तयार होती: रुंद चाकं, उंच सस्पेन्शन, एलईडीची पट्टी, पॉवर स्टीअरिंग. यातल्या प्रत्येक गोष्टीला शेपूट असतं. आधीच्या मालकाने बसवलेल्या जड डिझेलमुळे पुढचे पाटे बसले होते. पाटे बसल्याने स्टीअरिंग जड झालं होतं. आणि वाढलेलं वजन थांबवायला ड्रम ब्रेक तेच, पन्नास वर्षांपूर्वीचे. वर रुंद चाकं आली असती तर किंगपिन आणि बेअरिंगांचा जीव गेला असता. बारा दिशांना फाटे फुटण्यापेक्षा शेवटी एकच गोष्ट ठरली: पेट्रोल परत बसवायचं. मूळ जातीचं इंजिन मिळालं, पण पावती आणि विकणाऱ्याच्या कागदांसह घेतलं, कारण नंबर बदलला की तपासणी होते आणि बिनकागदाचं इंजिन चोरीचं ठरायला वेळ लागत नाही.

पेट्रोलचाही आता नवा ताप आहे. २०२५ पासून देशात पंपांवर सरसकट २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि महिनाभर उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरच्या वाटीत घाण साठवतं. तेव्हा टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत. गाडी लांब काळ उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करावी. हे काही शे रुपयांचं काम आहे आणि ते टाळल्याने गाड्या पेटलेल्या आहेत.

उरलेल्या पैशांचा क्रम फिटरनेच लावून दिला. ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर नवे, मग स्टीअरिंगचे जॉइंट, मग वायरिंग पूर्ण काढून नवी. रंग सगळ्यांत शेवटी. तो आधी मारला असता तर वेल्डिंगच्या ठिणग्यांनी जळाला असता. बदल म्हणून मेव्हण्याला दोन मुभा मिळाल्या: सीटला जाड फोम आणि कमरेचे पट्टे. कसोटी एकच होती, बोल्टने बसेल आणि बोल्टनेच निघेल. वेल्डिंग लागेल ते नाही. बजेट तरीही फुटलं, पण पत्र्यावर फुटलं.

पुढच्या काचेचं रबर मात्र अजून तयार मिळालेलं नाही. त्यासाठी जुन्या रबराचा दोन इंचाचा तुकडा कापून, त्याच्या छेदाची आकृती कागदावर काढून रबर प्रोफाइल बनवणाऱ्यांकडे न्यायची असते. तुकडा कोपऱ्याचा घेऊ नये, तो आखडलेला असतो. काचेच्या वरच्या बाजूचा, सरळ भागातला घ्यावा.