स्नायूंचें बळ व खाटेवरचा विसावा

हाडांना जोडलेलें जें मांस, तेंच आपले स्नायु. शरीरांत ते सहाशेंहून अधिक आहेत. वाचकहो, स्नायूस केवळ ओढतां येतें, ढकलतां येत नाहीं. म्हणून ते बहुधा जोडीनें असतात. दंडाचा पुढचा स्नायु आंखडला म्हणजे कोपर वांकतें, मागचा आंखडला म्हणजे तें सरळ होतें.

हें आंखडणें घडतें कसें? १९५४ सालीं ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन यांनीं, आणि त्याच वेळीं निराळेपणें अँड्र्यू हक्स्ली व रॉल्फ नीडरगर्के यांनीं असें मांडलें कीं, स्नायूंतील सूक्ष्म धागे स्वतः आखूड होत नाहींत; पातळ धागे जाड धाग्यांच्या मधून सरकतात. विहिरीवर पोहरा ओढणारा दोर धरतो, ओढतो, सोडतो व पुन्हा पुढें धरतो; जाड धाग्यांवरील बारीक डोकीं हेंच करितात.

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत जें बळ वाढतें तें बहुतांशीं मज्जातंतूंचें शिक्षण होय. अधिक तंतूंना एकदम कामास लावणें त्यांस साधूं लागतें. स्नायु डोळ्यांस जाड दिसूं लागतो तो मागाहून. डोंगर चढण्यापेक्षां उतरल्यानें मांड्या अधिक दुखतात, कारण उतरतांना स्नायूस ताणला जात असतांच भार धरावा लागतो. कांहीं दिवसांनीं पुन्हा उतरावें, दुखणें पुष्कळ कमी असतें.

पण काम न मिळालेला स्नायु झिजतो, आणि म्हातारपणीं फार लवकर झिजतो. घरचें वृद्ध माणूस तापांतून उठलें कीं मुलें-सुना मायेनें म्हणतात, "बाबा, तुम्ही पडूनच राहा." ही माया आम्हांस महाग वाटते. महिनाभरानें बाबांस आधारावांचून उठवत नाहीं, आणि दोष वयास दिला जातो.

वयाचा दोष किती, हें बोस्टन येथें पाहण्यांत आलें. तेथील एका आश्रमांतील ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांस पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे दिला. त्याचा वृत्तान्त १९९० सालीं प्रसिद्ध झाला. ज्या नऊ जणांनीं तो पुरा केला त्यांच्या पायांचें बळ सरासरी पावणेतीनपट झालें, आणि मांडीचे स्नायु सुमारें शेंकडा ९ नें वाढले.

तेव्हां ताप उतरल्यावर, डॉक्टरांस विचारून, बाबांस खुर्चीवर बसवावें व हातांचा टेका न घेतां उठूं द्यावें. प्रथम दोन-तीन वेळां, मग हळूहळू अधिक. कोणी जवळ उभें राहावें, पण उचलूं नये. ताटांत डाळ, दूध किंवा अंडें असावें.